गच्चीवरची वीस मीटर तार

संध्याकाळी नागपुरात खापरीच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडले की सोनेगावच्या धावपट्टीकडे निघालेले एखादे विमान नजरेस पडते. चाके खाली आलेली, पंखांच्या टोकांचे दिवे लागलेले. विमानतळाला लागून वसलेल्या मिहानमध्ये रोज ये-जा करणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. मी मात्र दर वेळी थांबतो. ते विमान आणि आजूबाजूच्या फ्लॅट स्कीमच्या गच्च्या यांच्यामधली जी हवा मोकळी दिसते ती मोकळी नाही, हे कळल्यापासून तर जास्तच वेळ थांबतो. तिथे एक अवाढव्य परात ठेवलेली आहे. ती आकड्यांची बनलेली आहे. तिचा तळ सपाट आहे, काठ वर चढत गेलेले आहेत आणि तिच्या तळाला खालून काहीही टेकता कामा नये, असा देशाचा कायदा आहे. पाण्याची टाकी नाही, वीजरोधक सळई नाही, झाडाचा शेंडा नाही, आणि रेडिओची अँटेनाही नाही.

आता समजा, त्या परातीखालच्या एखाद्या गच्चीवर कुणाला वीस मीटर लांबीची तांब्याची तार बांधायची आहे. दोन मिलिमीटर जाडीची. वजन केले तर अर्ध्या किलोच्या थोडे पुढे जाईल, म्हणजे कपडे वाळत घालायच्या दोरीहून फार वेगळे काही नाही. पण ही तार बांधणारा माणूस हौशी रेडिओवाला आहे, जगभर ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्यांच्यातला. ही अर्धा किलो तार दोन खांबांना बांधली, की जिनिव्हातला आंतरराष्ट्रीय करार, दिल्लीतला परवाना, विमानतळाचे उंचीचे नियम आणि आपल्याच स्कीमची सर्वसाधारण सभा असे सगळे तिच्याभोवती गोळा होतात. इतक्या बारीक वस्तूवर इतक्या थरांचा कायदा असलेली दुसरी गोष्ट घरगुती जगात मला तरी माहीत नाही.

पहिला प्रश्न शेजारी विचारतात तोच. वीस मीटरच का? थोडी लहान नाही का चालणार?

यातली गंमत अशी की ही लांबी हॅमने ठरवलेली नाही, सरकारनेही नाही. ती प्रकाशाच्या वेगाने ठरवली आहे. रेडिओचा तरंग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. हॅम लोकांचा सगळ्यात वहिवाटीचा पट्टा ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, त्याला ते ‘चाळीस मीटर’ म्हणतात. ७.१ मेगाहर्ट्झवर तारेतला विजेचा प्रवाह सेकंदाला ७१ लाख वेळा पुढे-मागे होतो. एका हेलकाव्यात तरंग सुमारे ४२ मीटर पुढे गेलेला असतो. तार त्याच्या निम्म्या लांबीची असेल तर प्रवाह एका टोकाला जाऊन परत फिरेपर्यंत पुढचा धक्का अचूक वेळेवर येतो, झोका परत येताना आपण हात लावावा तसा. तारेच्या टोकांपाशी विद्युतक्षेत्र थोडे बाहेर सांडते, म्हणून प्रत्यक्ष लांबी किंचित कमी लागते. हॅमच्या वहीत त्याचे सूत्र पाठ असते : १४३ भागिले मेगाहर्ट्झ. १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१ मीटर. बस्स. नागपुरात मांडा, टोकियोत मांडा, उत्तर तेच.

लहान अँटेना बनतात, नाही असे नाही. बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे मावेल असे एक मीटर व्यासाचे तांब्याच्या नळीचे कडेही ७ मेगाहर्ट्झवर बोलू शकते. पण निसर्ग त्याची किंमत वसूल करतो. १९४८ साली लॅन जेन चू या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिले की अँटेना तरंगाच्या मानाने जितकी लहान, तितकी ती अरुंद कंप्रतेत अडकते. बाल्कनीतल्या त्या कड्यात शंभर वॅट सोडले तर त्याच्या कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट उभे राहतात, बरीचशी शक्ती नळी तापवण्यात जाते आणि कंप्रता जराशी हलवली की पुन्हा सगळे जुळवत बसावे लागते. संसदेचा कायदा दुरुस्त करता येतो. चूच्या गणितात दुरुस्तीचे विधेयक मांडता येत नाही.

या लांबीचा विचार करताना एक आकडा माझ्या मनात कायम घुमतो : ४२.३४. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईत एक गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले. ते चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. काँग्रेस रेडिओ भारतात कुठूनतरी ४२.३४ मीटरवर बोलत आहे, अशी त्याची ओळख असे. आता ही तरंगलांबी कंप्रतेत बदलून बघा. उत्तर येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आज भारतातल्या परवानाधारक हॅमना दिलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या अगदी आत. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर केले तेव्हा दोनदा तपासले. आज मिहानमधला एखादा हॅम ज्या जागेवर शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राला नमस्कार करतो, त्याच जागेवर चले जावच्या बातम्या जात होत्या.

ते प्रक्षेपक बांधण्यात नरिमन प्रिंटर यांचा हात होता, आणि ते युद्धाआधीचे हौशी रेडिओवाले होते. १९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द करून यंत्रे जमा करायला लावली होती. मग ही मंडळी चौपाटीजवळच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीच्या वरच्या मजल्यावरून बोलू लागली आणि पोलिसांच्या गाड्या माग काढू लागल्यावर एका राहत्या इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलत राहिली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात पारेख वाडीत त्यांना पकडले. ४२.३४ मीटरच्या निम्मे म्हणजे २१ मीटर. तेव्हाही प्रश्न हाच असणार, फक्त जिवावर बेतणारा : एवढी लांब तार कुणाच्या डोळ्यात न येता राहत्या घरांमध्ये ताणायची कुठे? महाराष्ट्रात राहत्या इमारतीवरच्या अँटेनाचा इतिहास लिहायचा झाला तर पहिले पान मी त्यांना देईन.

आज लपवायचे काही नाही, पण परवानगीची शिडी मात्र लांब आहे. जुन्या काळी तर साधा रेडिओ ऐकायला पोस्टातून परवान्याचे पुस्तक काढावे लागे आणि दरवर्षी त्यात तिकिटे चिकटवावी लागत. १९८० च्या दशकात ते संपले. त्या परवान्यांमागे दोन कायदे होते. तार पाठवण्याचा हक्क सरकारकडे ठेवणारा १८८५ चा तार कायदा, आणि बिनतारी यंत्र विनापरवाना नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवणारा १९३३ चा कायदा. या दोन्हींच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला असून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हौशी सेवेसाठीचे खास नियम १९७८ चे, पुढे दुरुस्त होत आलेले. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली कुणीही मुलगी किंवा मुलगा परीक्षेला बसू शकतो. बारा वर्षांचे! गाडी चालवायला अठरा लागतात, आयनांबराशी, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेशी, बोलायला बारा पुरतात. परीक्षेत विजेचे आणि रेडिओचे प्राथमिक ज्ञान तपासतात, नियम विचारतात. उत्तीर्ण झाल्यावर दिल्लीच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगकडून, म्हणजे हॅमच्या भाषेत ‘डब्ल्यूपीसी’कडून, परवाना आणि स्वतःचे संकेतनाम मिळते. सर्वसाधारण श्रेणीला ‘व्हीयू२’ने सुरू होणारे, मर्यादित श्रेणीला ‘व्हीयू३’ने. जगात त्या नावाचे दुसरे कुणी नसते.

या परवान्याने आकाशाचा एक पट्टा वापरायचा हक्क मिळतो, आणि तो हक्क फार वरून आलेला आहे. १९२७ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत जगातल्या देशांनी हौशी लोकांसाठी कंप्रतेचे पट्टे आंतरराष्ट्रीय करारात लिहिले. नौदले, तार कंपन्या, मोठमोठी सरकारे तिथे बसली होती आणि त्यांनी केवळ हौसेसाठी आकाशात जागा राखून ठेवली, याचे मला आजही अप्रूप वाटते. पण त्या परवान्याने गच्चीवर एक खिळा ठोकायचाही हक्क मिळत नाही. तरंग दिल्लीचे. भिंत स्कीमची. आणि या दोन्हींच्या वर, मिहानपुरते बोलायचे तर, ती परात.

परातीचे माप नीट समजून घेण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये विमानतळाभोवती काही काल्पनिक पृष्ठभाग आखून दिलेले आहेत. मोठ्या धावपट्टीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या कडेपासून एक उतार सुरू होतो, सात मीटर बाजूला गेल्यावर एक मीटर वर असा. ४५ मीटर उंचीवर पोचला की तो सपाट होतो. हा परातीचा तळ, धावपट्टीच्या अवतीभोवती चार किलोमीटरपर्यंत पसरलेला. तिथून पुढे काठ चढू लागतो, वीस मीटरला एक मीटर, आणि दोन किलोमीटरमध्ये आणखी शंभर मीटर वर जातो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मात्र परातीला खाचा आहेत. विमान उतरते तिथे हा पृष्ठभाग टोकापासून साठ मीटरवर अगदी जमिनीलगत सुरू होतो आणि पन्नास मीटरला एक मीटर इतक्या मंद चढाने वर जातो. टोकापासून एक किलोमीटरवर त्याची उंची किती भरते? जेमतेम १९ मीटर. सहा मजल्यांची इमारतही तिथे कायद्याला टेकेल. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर लांब, वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली, म्हणून या खाचाही त्याच दिशांना. मिहानच्या आराखड्यात तिला समांतर दुसरी धावपट्टी आहे. तिच्यासोबत तिची परातही येणार.

भारतात याची अंमलबजावणी २०१५ च्या उंची-निर्बंध नियमांनी होते. इमारत, बांधकाम आणि झाड, तिन्ही त्यात येतात. झाडसुद्धा. वाढत वाढत आभाळाच्या निषिद्ध भागात शिरलेले झाड हा कायद्याच्या दृष्टीने अडथळा असतो. तो काढून टाकण्यासाठी १९९४ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांच्या नावातच इमारतींच्या जोडीला झाडे आहेत. विमानतळ प्राधिकरण इमारतीला उंचीचे जे ना हरकत प्रमाणपत्र देते, त्यातली एक अट हॅमने चष्मा लावून वाचावी. रेडिओ किंवा टीव्हीची अँटेना, वीजरोधक, जिन्याची खोली, पाण्याची टाकी, यांपैकी काहीही मंजूर उंचीच्या वर डोकावता कामा नये, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. म्हणजे मिहानमधल्या कितीतरी स्कीमच्या फाइलींत, बिल्डरने कधीच न वाचलेल्या एखाद्या पानावर, ‘रेडिओ अँटेना’ हे शब्द आधीपासून लिहून ठेवलेले असणार. परवानगी मागायला गेलेल्या माणसाने पहिल्यांदा ते पान शोधावे.

आणि ही मंजूर उंची जमिनीपासून मोजत नाहीत. ती समुद्रसपाटीपासून मोजतात. नागपूरच्या माणसाला हे सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण समुद्रापासून इतक्या लांब असूनही आपल्या शहराने समुद्राची उंची दगडावर कोरून ठेवली आहे. झिरो माइलच्या आवारात महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ चा दगड आहे आणि त्यावरची उंची सुमारे १,०२० फूट, म्हणजे ३११ मीटर. विमानतळ त्याहून किंचित उंच, सुमारे ३१५ मीटरवर. आता परातीचा सपाट तळ ३१५ अधिक ४५, म्हणजे ३६० मीटरवर धरू. एखादी स्कीम ३१० मीटर उंचीच्या जमिनीवर असेल तर तिला पन्नास मीटर मिळतात आणि थोड्या चढावर ३२० मीटरवर असेल तर चाळीसच. दोन शेजारच्या इमारती, एकसारख्या उंच, एकीला परवानगी आहे आणि दुसरीला नाही. कारण मधल्या शेताला उतार होता. मिहान उभे राहण्याआधी दहेगाव, खापरी, तेल्हाऱ्याच्या शिवारात पावसाचे पाणी कुठून कुठे वाहायचे, यावर आज अँटेनाच्या खांबाची लांबी ठरते. हे प्रत्यक्षात विमानतळाची रडार व दिशादर्शक यंत्रे, रंगीत क्षेत्र-नकाशे आणि मोजणीचे दाखले यांनी आणखी बारकाईने ठरवले जाते. मी इथे फक्त सांगाडा मांडला.

सात मजली, एकवीस मीटरच्या इमारतीवर पाच मीटरचा खांब लावला तर सव्वीस मीटर होतात. परातीच्या सपाट तळाखाली याला भरपूर जागा आहे. धावपट्टीच्या टोकासमोर मात्र नाही. त्याच खांबाला एका ठिकाणी कुणी विचारणार नाही आणि दुसऱ्या ठिकाणी तो गुन्हा ठरेल.

संक्रांतीला याच आभाळात पतंग भरतात. नागपूरची संक्रांत म्हणजे गच्च्यागच्च्यांवर ‘ओ काट’चा गजर, आणि त्या दिवसांत हॅमच्या तारेला दोन-चार पतंग लोंबकळतातच. मला त्यात काही गैर वाटत नाही. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर अटलांटिक ओलांडून आलेला पहिला बिनतारी संकेत ऐकला, तेव्हा त्याची अँटेना पतंगानेच वर नेली होती, सुमारे दीडशे मीटर उंच. अँटेना आणि पतंगाची ओळख जुनी आहे. मिहानमध्ये मात्र कुणी तसा प्रयोग करू नये. दीडशे मीटरवर परातीचा तळ कधीच भेदलेला असेल.

उंचीचा प्रश्न सुटला तरी विमानांशी असलेले नाते संपत नाही, कारण वैमानिकही रेडिओवरच बोलतात. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा त्यांचा पट्टा. त्याच्या थोडा वर, १४४ ते १४६ मध्ये, हॅमचा ‘दोन मीटर’. इतके जवळचे शेजारी! शिवाय कुठलाही प्रक्षेपक थोडाफार स्वतःच्या कंप्रतेच्या पटीतही गुणगुणतो, तंबोऱ्याच्या तारेतून वरचे स्वर ऐकू येतात तसा. हॅमचा एक पट्टा २४.८९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. त्याची पाचपट करा : १२४.४५. थेट वैमानिकांच्या कानात. म्हणून संचाच्या तोंडाशी गाळणी बसवलेली असते, मूळ कंप्रता जाऊ देणारी आणि वरच्या पटी अडवणारी. चाळीस मीटरवर जे बेफिकिरीने खपून जाईल, ते विमानतळाच्या कुशीत राहणाऱ्याला खपत नाही. इथल्या हॅमने आपली गाळणी दुसऱ्याच्या संचाला जोडून तपासून घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

आता गच्ची. शिडीची सगळ्यात खालची पायरी, आणि खरे सांगायचे तर सगळ्यात अवघड.

मुंबई-पुण्यात इमारतीची सहकारी गृहनिर्माण संस्था होते, १९६० च्या कायद्याखाली. नागपुरात पुष्कळशा स्कीम १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन करून चालतात. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. छप्पर सामाईक आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानेही गच्ची सामाईक जागांच्या यादीत स्पष्ट घातली आहे. ऐंशी फ्लॅट असतील तर प्रत्येकाचा गच्चीत वाटा आहे, पण तो अविभक्त आहे. ‘हा माझा कोपरा’ असे बोट दाखवता येत नाही. प्रत्येक चौरस फुटात ऐंशी जण असतात. तार पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत ताणायची तर ती ऐंशी जणांच्या वरून जाते. म्हणून अर्ज, समिती, सर्वसाधारण सभेचा ठराव.

सभेत प्रश्न येतात, आणि ते येणे रास्त आहे. “काऊन जी, यानं आमच्या लेकराले काही होईन तर नाही ना?” या प्रश्नावर चिडणारा हॅम मला आवडत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या तरंगाचा एक कण, ज्या ट्यूबलाइटखाली सभा भरली आहे तिच्या उजेडाच्या एका कणापेक्षा सुमारे सात कोटी पट दुबळा असतो. शरीरातला रेणू फोडायची ताकद त्यात नाही. पण चालू तारेच्या टोकाला हात लागला तर चटका बसतो, हेही खरे. म्हणून तार मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर हवी, हे हॅमने आपणहून सांगावे. दुसरा प्रश्न विजेचा. तार आकाशातली वीज ओढून आणत नाही, तरी जूनच्या पहिल्या गडगडाटाआधी तिला जाड तांब्याच्या पट्टीने जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत नेलेले असलेच पाहिजे आणि वादळात ती संचापासून सोडवून ठेवली पाहिजे. महावितरणच्या तारा जवळून जात असतील तर त्या बाजूला ती तुटून पडली तरी पोचणार नाही, एवढे अंतर हवे. तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी रोमांचक : गच्चीच्या कोब्याला भोक पाडणार का? पाडू नये. खांबाला सिमेंट भरलेल्या डब्याचे बूड करावे. वरच्या मजल्यावरच्या छताला एकदा ओल आली की पुढची दहा वर्षे त्या घरात रेडिओ हा शब्द चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही.

टीव्हीवर रेघा येतील ही जुनी तक्रार आता उलटी झाली आहे. आमच्या पिढीने गच्चीवर चढून टीव्हीची अँटेना फिरवली आहे, खालून “आलं, आलं... गेलं!” अशी हाक ऐकत. दोन जपानी संशोधकांची, यागी आणि उदा यांची, १९२० च्या दशकातली ती निर्मिती प्रत्येक घरावर होती आणि तिच्यासाठी कुणी सभा बोलावली नव्हती. आज टीव्हीला रेघा येत नाहीत. उलट एलईडी दिवे, स्वस्त चार्जर आणि गच्चीवरच्या सौर पॅनलचे इन्व्हर्टर यांच्या खरखरीत हॅमला समोरच्याचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. शेजाऱ्यांकडे तक्रार करायची पाळी त्याची असते, आणि तो बहुधा करत नाही.

इतर देशांनी ही पायरी कशी ओलांडली, तेही पाहण्यासारखे. अमेरिकेत १९८५ साली संघराज्याच्या दूरसंचार आयोगाने शहरांना आणि परगण्यांना बजावले की हौशी अँटेनांना वाजवी जागा द्यावी लागेल. पण तिथल्या खाजगी वसाहतींचे करार त्या आदेशाबाहेर राहिले. घर घेतानाच अँटेना लावणार नाही असे लिहून दिलेले लाखो लोक तिथे आहेत, आणि ते बदलण्यासाठी मांडलेली विधेयके संसदेत पुन्हापुन्हा अडली. स्पेनने १९८३ मध्ये निराळी वाट धरली. परवानाधारक हौशी माणसाला इमारतीच्या बाहेर अँटेना उभारायचा हक्क कायद्यानेच दिला. नुकसान झाले तर भरपाई त्याची. मला स्पेनची वाट जास्त पटते. हक्क आणि जबाबदारी एकाच कागदावर असली की सभेतला आवाज उतरतो. परवानाधारकाने अर्थिंगचा दाखला आणि विमा द्यावा, विमानतळाची उंची पाळावी, आणि मग गच्चीने त्याला नाही म्हणू नये, असा एक साधा उपविधी महाराष्ट्रात लिहायला काही हरकत नसावी. तोवर सभेपुढे जाणाऱ्याच्या हातात त्याची वागणूक आणि शेजाऱ्यांचा विश्वास एवढेच आहे.

एवढा खटाटोप एका तारेसाठी का करायचा, त्याचे एक उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेत आहे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी तिथून निरोप पोचवायचे काम केले. दुसरे उत्तर डिसेंबर २००४ मधले. भारती प्रसाद या हॅम पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात मुक्काम करून अंदमानहून जगाशी बोलत होत्या. २६ तारखेला सुनामी आली, बाकीचे संपर्क कोलमडले, आणि हॉटेलच्या छतावरची ती अँटेना बेटांचा आवाज झाली. छतावर, हे विसरू नये. कुणीतरी त्या छताला हो म्हटले होते.

आणि इथे मिहानच्या परातीतली सगळ्यात सुंदर गोष्ट येते. विमानांमुळे इथे उंच मनोरा उभारता येत नाही, तर त्यात हॅमचे नुकसान किती? दूर युरोप-अमेरिकेशी बोलायचे तर उंची हवी, कारण उंच तारेचा तरंग क्षितिजालगत निघतो. पण तीच तार तिच्या खालच्या जमिनीपासून, किंवा सळयांनी भरलेल्या स्लॅबपासून, पाव तरंगाहून कमी उंचीवर राहिली तर तिचा बराचसा जोर सरळ वर जातो आणि आयनांबरातून वळून आसपासच्या प्रदेशावर परत उतरतो. विदर्भ-मराठवाड्यासाठी हेच हवे असते. मोबाइलचे मनोरे पडले, मधे डोंगर असला, नदीला पूर आला, तरी वर गेलेल्या तरंगाला यातले काहीच आडवे येत नाही.

दुपारची बाराची वेळ. मे महिना, गच्चीवर पाय ठेववत नाही. तार जानेवारीपेक्षा बारा मिलिमीटरने लांबली आहे आणि तिला बांधलेली दोरी तेवढीच सैल पडली आहे. खाली पंख्याखाली बसलेला हॅम बटण दाबून आपले संकेतनाम उच्चारतो. तरंग ऐंशी जणांची गच्ची सोडतो, परातीचा तळ ओलांडतो, कारण परात तारेला अडवते, तरंगाला नाही. दहा किलोमीटरवरून मुंबई-कोलकात्याची विमाने चालली आहेत, तो त्यांच्याही वर जातो. जवळजवळ तीनशे किलोमीटरवर उन्हाने विद्युतभारित झालेली विरळ हवा त्याला वळवते आणि तो खाली येऊ लागतो. किल्लारीच्या बाजूला, नागपूरहून सरळ रेषेत सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर, कुणाच्या तरी घरावर अशीच एक वीस मीटरची तार आहे. इथून तिथवर पोचायला त्याला अडीच मिलिसेकंद लागले. पलीकडचा माणूस नोंदवहीत वेळ लिहितो, संकेतनाम लिहितो, आणि विचारतो, “नागपूर, आवाज पाच बाय नऊ. तिकडे तापमान किती आहे?”